सगळ्यांचा कोंपाद्रे

एलेउतेरियो बारागान आमच्या गावचा महापौर झाला, त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा मिठी मारली. ती इतकी घट्ट होती की माझ्या पोटातल्या टॉर्टियांचं पुन्हा पीठ झालं. पुढच्याच रविवारी तो माझ्या मुलीचा धर्मपिता झाला, म्हणजे माझा 'कोंपाद्रे', सख्ख्या भावापेक्षा जवळचा. असे बाप्तिस्मे उरकत त्याने गावोगावी कोंपाद्रे जोडले आणि त्यांच्याच मतांवर तो गव्हर्नर झाला.

मग आमच्या डोंगराळ भागाला एक इस्पितळ मंजूर झालं आणि ते आपल्याच गावात व्हावं म्हणून सगळे कोंपाद्रे गव्हर्नरच्या दारात धडकले. माझी शेजारीण तोमासा तर कडाडलीच, "कोंपाद्रे, चर्चमध्ये माझं धाकटं पोर हातात घेऊन मिरवलंस, आता तोंड का लपवतोस? माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. डोंगर उतरून शहरात नेऊ का तिला?"

"कोमाद्रे, तुझ्या गावाला दिलं तर बाकीचे रुसतील गं!" तो रडवेला होऊन म्हणाला. नात्यातली बाई असली की कोंपाद्रेची 'कोमाद्रे' होते.

"मग रुसू देत की!"

तेवढं मात्र त्याला जमेना. शेवटी त्याने इस्पितळ अशा गावाला दिलं, जिथे त्याचा एकही कोंपाद्रे नव्हता.

पुढे सिनेटच्या निवडणुकीत तो तिसरा आला.