प्रथम क्रमांक, इलव

पाटीवाल्यांना कुणी जाणकार म्हटलं की ते लगेच हात जोडून म्हणत, "अहो, मी दुसऱ्यांची नावं कोरतो. माझं नाव कोरावं असं आजवर कुणाला वाटलेलं नाही, यावरून काय ते समजा." लोकांना तो विनय वाटे. पाटीवाले मात्र खरी परिस्थिती सांगत असत.

दुकान एवढंसं, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागाव्यात. आत कोरायचं यंत्र, पितळी अक्षरांचे साचे, दारावर लावायच्या अर्ध्यामुर्ध्या पाट्या आणि बक्षिसाच्या ढाली. पितळेचा भुसा त्यांच्या भुवयांत जाऊन बसायचा. "सोनं फक्त वरवरचं आहे हो," बायको म्हणायची, आणि संसाराला तीस वर्षं उलटून गेल्यामुळे तिच्या मताला वजन होतं.

रस्त्याकडच्या काचेत एक मोठा चकचकीत कप ठेवलेला असे. तो नमुन्याचा. आपला हात कसा आहे हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून त्यावर काहीतरी कोरलेलं हवं, आणि इथेच या धंद्यातली मेख आहे. पाटीवाल्यांनी सुरुवातीला त्यावर एक साधंसुधं, चारचौघांत असतं तसं नाव कोरलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्या नावाचे एक गृहस्थ आत आले आणि कप आपल्यालाच मिळायला हवा म्हणून अडून बसले. दुसऱ्या एकाने दुकानाची पायरीच सोडली, कारण ते नाव त्याच्या मेव्हण्याचं होतं आणि मेव्हणा कशातही पहिला आलेला त्याला बघवत नव्हता. तेव्हा जुन्या कारागिरांनी कानमंत्र दिला, की नमुन्यावर घालायचं नाव कुणाचंच असता कामा नये.

म्हणून पाटीवाल्यांनी नवा कप घेतला आणि एक नाव जुळवलं. 'इ' घेतला, कारण त्याच्या वळणात हाताची परीक्षा होते. 'ल' घेतला, कारण तो त्यांना झकास जमायचा. मग दिसलं की कपाचं पोट रुंद आहे आणि दोन अक्षरं घालून उजवीकडे बोडकं दिसतंय, म्हणून जागा भरायला 'व'. वर कोरलं 'प्रथम क्रमांक', खाली 'इलव'. समोरचा चहा निवायच्या आत एका नावाचा जन्म झाला होता. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

त्या मुलाच्या नावाचीही एक कथा आहे, आणि ती पाटीवाल्यांना फारशी शोभा देत नाही. मूल झालं त्या आठवड्यात दुकानात एक पाटी पडून होती. गिऱ्हाईक ती न्यायला आलंच नाही. नाव नेहमीचं, अक्षरं सुरेख. पाटीवाल्यांनी ती पाटी घरी आणली, दारावर ठोकली आणि मुलाचं तेच नाव ठेवलं. पुढे वर्गात त्या नावाची चार मुलं निघाली. "पाटी वाया गेली नाही ना, मग झालं," असं ते कौतुकाने सांगत. मूर्खपणा कौतुकाने सांगायची कला त्यांना पहिल्यापासून अवगत होती.

कप सोळा वर्षं काचेत निमूट बसला. मग समोरच्या औषधांच्या दुकानातली बाई, सातवा महिना लागलेला असताना, दम खात आत आली.

"काका, तो इलव म्हणजे काय हो? रोज जातायेता वाचते. गोड नाव आहे. अर्थ काय त्याचा?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण समोर एक बाई डोळ्यांत आशा घेऊन उभी असताना 'जागा उरली होती' हा अर्थ सांगायला जीभ रेटेना. तेवढ्यात गेलेली वीज आली आणि डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

"झुळूक," पाटीवाले म्हणाले. "पहाटेची."

"कुठल्या भाषेतला शब्द?"

"जुन्या."

तिला मुलगा झाला आणि इलव कपावरून खाली उतरून चालूबोलू लागला. मग तिच्या नणंदेचा इलव झाला. मग बँकेच्या रखवालदाराचा नातू. शिंपीणबाई अर्थ विचारायला आली तेव्हा तिचा थोरला दुकानभर धुडगूस घालत होता, म्हणून तिला 'कधीही न थकणारा' असा अर्थ मिळाला. रखवालदाराला 'जागा राहणारा' मिळाला होता. अकरा वर्षांत आसपासच्या चार गल्ल्यांत चौदा इलव झाले आणि पाटीवाले नावांचे जाणकार म्हणून प्रसिद्धीला आले. लोक मुलांची नावं विचारायला येऊ लागले. पाटीवाले चष्मा लावत, "बघून सांगतो" म्हणत, पडद्यामागे जात, वीस आकडे मोजत आणि बाहेर येऊन काहीतरी ठोकून देत. पडद्यामागे बघण्यासारखं काहीही नव्हतं. तिथे त्यांची छत्री टांगलेली असे.

आपण थापाड्या आहोत हे त्यांना माहीत होतं. पण रस्त्यात कुणी "इलव, इकडे ये!" अशी हाक मारली की त्यांची मान जरा ताठ होई, हेही खरं. फक्त एकच रुखरुख होती. स्वतःच्या घरात इलव नव्हता.

म्हणूनच सुनेने जेव्हा आपणहून ते नाव काढलं, तेव्हा पाटीवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. सून प्राथमिक शाळेत शिकवायची. बाळ अठरा दिवसांचं झालं होतं, जन्मदाखल्याचा अर्ज शनिवारी द्यायचा होता, आणि शुक्रवारी दुपारी ती हातात पेन आणि मांडीवर बाळाचा कोरा अल्बम घेऊन बसली.

"बाबा, पहिल्या पानावर मला नीट लिहायचंय. नाव, उगम, अर्थ. पण एक घोळ आहे. माझ्या वर्गात दोन इलव आहेत. एकाची आई सांगते झुळूक, दुसऱ्याची सांगते न थकणारा. आणि दोघीही म्हणतात, पाटीवाल्यांनी सांगितलं. मग खरं कुठलं?"

पाटीवाल्यांची बायको भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. तिला सगळं माहीत होतं, आणि आता नवरा यातून कसा सुटतो हे बघायची तिला मनापासून उत्सुकता होती.

"बघून सांगतो," पाटीवाले म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. तिथे त्यांनी वीसपर्यंत मोजलं. मग दोनशेपर्यंत मोजलं. त्यांना हे नाव नातवासाठी हवं होतं, अगदी लहान मुलाला खेळणं हवं असतं तसं. खरं सांगितलं तर ते हातचं जाणार होतं. थाप मारली तर ती अल्बमच्या पहिल्या पानावर, सुनेच्या सुवाच्य अक्षरात, नातवाच्या जन्माला चिकटणार होती. चौदा पोरांना खुशाल फसवलं, पण पंधराव्याला फसवायचा धीर होईना. बाहेर येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. कप, मेव्हणा, कपाचं पोट, उरलेली जागा, काही राखून ठेवलं नाही.

सून इतकी हसली की बाळ जागं झालं.

"म्हणजे झुळूक म्हणजे पंखा?"

"हो."

"आणि न थकणारा?"

"शिंपीणबाईंचा थोरला."

"अहो बाबा, हे तर फारच छान आहे! असा उगम कुणाच्या नावाला असेल का?" तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "ठेवायचंच आता. काय रे?"

पाटीवाल्यांचा मुलगा खिडकीपाशी बसून दुपट्यांच्या घड्या करत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टच्या वर चढून एकटाच काम करणारा माणूस, त्यामुळे बोलायचा बेताचाच.

"नको," तो म्हणाला.

त्याचं 'नको' घरात फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"का रे?" पाटीवाल्यांनी विचारलं. "नमुन्याचं आहे म्हणून?"

"नमुन्याचं आहे हे मला मोठेपणी कळलं, बाबा. लहानपणी मला वाटायचं तो खरंच कुणीतरी मुलगा आहे. शाळा सुटली की मी दुकानात अभ्यासाला बसायचो. समोर त्याचा कप. कायम पहिला. तुम्ही सकाळी शटर उघडलंत की आधी तो पुसायचात, फुंकर मारमारून. मला वाटायचं, बाबांना असा मुलगा हवा होता."

"अरे, रस्त्याची धूळ बसायची रे त्याच्यावर..."

"चौथीत मी सातवा आलो. गुणपत्रक घेऊन पळत दुकानात आलो. तुम्ही म्हणालात, 'सातवा? बरं.' आणि फडकं घेऊन कपाकडे वळलात." त्याने एक दुपटं उलगडलं आणि पुन्हा त्याची तशीच घडी केली. "अजूनही लिफ्ट चालू करून निघालो की मनात येतं, इलवने हे अर्ध्या वेळात केलं असतं. आता वेडेपणाच आहे हा. पण येतं मनात."

सुनेने पेनाचं टोपण लावलं. पाटीवाल्यांना तो दिवस आठवून बघायचा होता, पण काही केल्या आठवेना. आपल्या मुलाचा एवढा मोठा दिवस आपल्याला आठवतही नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. गावभर पोरांना अर्थ वाटत हिंडलेला माणूस, आणि घरातलं पोर एका रिकाम्या नावाशी वर्षानुवर्षं शर्यत लावून हरत होतं.

"नकोच मग," ते म्हणाले. "तुझ्या मनात असेल ते ठेव. मला विचारूसुद्धा नकोस, माझी अक्कल बघितलीत ना सगळ्यांनी." मग घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आणि सातवा आलास, ते फार चांगलं झालं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं. चाळीस पोरांत सातवा म्हणजे काय गंमत आहे का?"

"बेचाळीस," मुलगा म्हणाला.

"बेचाळीस! बघ."

मुलगा हसला नाही, पण दुपट्यांचा ढीग बाजूला सारून उठला, बायकोच्या मांडीवरून त्याने बाळाला उचललं आणि खांद्यावर घेतलं. बाळ त्याच्या मानेत नाक खुपसून गप्प झालं. बराच वेळ तो पाठीवर थोपटत उभा राहिला.

"लिही इलव," शेवटी तो बायकोला म्हणाला. "नाव वाईट नाही. त्या बिचाऱ्याने माझं काय वाकडं केलं होतं? पण बाबा, हा सातवा आला, सतरावा आला, शेवटचा आला, तरी आत्ता मला म्हणालात तसं त्याला म्हणायचं. तिथल्या तिथे. बावीस वर्षांनी नाही."

"बरं," पाटीवाले म्हणाले.

तिघेही त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे, म्हणेन," ते घाईघाईने म्हणाले. "नक्की म्हणेन. तुझ्यासमोर म्हणेन."