स्लाइडच्या कोपऱ्यातली हालचाल

अंधेरीतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. पुरुषांचं वीर्य तपासणं हे माझं काम. थेंब स्लाइडवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, शुक्राणू किती आहेत, त्यातले सरळ पोहतात किती, नुसते जागच्या जागी वळवळतात किती, कुणाचं डोकं वेडंवाकडं, कुणाची शेपटी तुटकी. विक्रोळीच्या चाळीतून मी या कामाला येऊ लागले तेव्हा अविवाहित होते. आता माझा मुलगा शाळेत जातो. इतकी वर्षं एकच गोष्ट बघून डोळ्यांना सवय होते, तसा थकवाही येतो.

म्हणून आमच्या मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या मुख्य डॉक्टरांनी, हे बघणं कॉम्प्युटरला शिकवायचं ठरवलं. एका कंपनीकडून प्रोग्राम आला, पण त्याला सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. कुणीतरी स्क्रीनवरच्या चित्रात एकेक शुक्राणू दाखवून सांगायला हवं होतं, हा चांगला, हा अशक्त, हा मेलेला. ते काम माझ्याकडे आलं. मी मॅडमना सरळ विचारलं, हा सगळं शिकल्यावर माझं काय? त्या म्हणाल्या, "रिपोर्टवर सही तुझीच राहणार. तो फक्त बोट दाखवेल. खरं-खोटं तू ठरवायचंस."

मग रोजचं काम उरकलं की मी स्क्रीनसमोर बसायची. सुरुवातीला कॉम्प्युटरने वैताग आणला. धुळीच्या कणाला शुक्राणू म्हणायचा, काचेवरच्या ओरखड्याला शेपटी म्हणायचा. मी चूक दुरुस्त करायची, तो पुन्हा नवीन चूक करायचा. पण महिने गेले तसा तो सुधारला. पुढे तर कुठला शुक्राणू किती निरोगी असेल याचा अंदाजही देऊ लागला. मी मनात एक ठरवायची आणि मग त्याचं उत्तर बघायची. बहुतेक वेळा जुळायचं. तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हसू यायचं, ते लॅबमध्ये कुणाला दिसू नये म्हणून मी मास्क वर ओढून घ्यायची.

त्याच सुमारास वर्सोव्याहून एक जोडपं आलं. नवऱ्याची स्वतःची बोट. उंचपुरा, समुद्रावर रापलेला माणूस, पण आमच्या बाकावर अगदी अंग चोरून बसला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. घरच्यांनी बायकोलाच बोल लावला होता, उपास-नवस सगळे तिच्याच वाट्याला आले होते. शेवटी नवऱ्याची तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं की वीर्यात शुक्राणू नाहीतच, दात्याचे घ्या. ते आमच्याकडे आले ते एकदा शेवटचं बघून घ्यायला.

मी सॅम्पल बघितलं. काही नाही. नळी यंत्रात फिरवून तळाचा गाळ काढला, तोही थेंब-थेंब करून बघितला. काही नाही. रिपोर्टमध्ये 'शून्य' लिहिण्याआधी नियमाप्रमाणे त्याच स्लाइड कॉम्प्युटरला दाखवल्या. त्याने एका स्लाइडच्या कोपऱ्यात, पेशींच्या कचऱ्यात, एक हिरवी चौकट काढली. मला वाटलं, याचं जुनं दुखणं परत आलं, धूळच असणार. तरी त्या जागेवर मायक्रोस्कोप नेला आणि बघत राहिले. कचऱ्याखालून एक शेपटी हलली. थांबली. पुन्हा हलली.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझा विद्यार्थी तुझ्या पुढे गेला गं."

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं कदाचित. मला तर भरून आलं. त्याला शेपटी म्हणजे काय हे मीच दाखवलं होतं ना.

त्या दिवशी आणखी मोजकेच मिळाले. मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं, मीही होते. थोडे आहेत पण आहेत, असं ऐकल्यावर त्याने पुन्हा विचारलं, "माझे स्वतःचे?" मॅडम हो म्हणाल्या. त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्राणू गोठवून ठेवले. पुढे कॉम्प्युटरने ज्यांना निरोगी म्हटलं ते पुन्हा डोळ्यांनी पारखून बायकोच्या एकेका स्त्रीबीजात सोडले. पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही. दुसऱ्या खेपेला राहिला, आणि टिकला. मुलगी झाली.

बारशाचं आमंत्रण द्यायला तो स्वतः आला. मी आईला घेऊन वर्सोव्याला गेले. दारात पाहुण्यांची दाटी, मागे बोटी लागलेल्या. जेवणं व्हायच्या आधी तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "इतकी वर्षं लोक माझ्या बायकोला बोलले, पण कमतरता माझ्यात होती." मग माझ्याकडे हात करून त्याने सांगितलं की जे थोडं होतं ते या ताईंनी आणि त्यांच्या कॉम्प्युटरने शोधून काढलं. मग त्याच्या म्हाताऱ्या आईने उठून सुनेला जवळ घेतलं.

माझी आई मालवणची. नातेवाइकांत ती माझ्या कामाचा विषय निघाला की 'रक्त तपासता' एवढंच सांगायची. त्या दिवशी शेजारच्या बाईने तिला विचारलं, लेक डॉक्टर आहे का? आई म्हणाली, "नाय ओ. ती पुरुषांचा वीर्य तपासता. त्या कॉम्प्युटराक पण तिनाच शिकवल्यान." आवाज जराही खाली न करता. मी ताटाकडे बघत राहिले. इतका अभिमान मला पदवी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

त्यानंतर वर्सोव्याहून आमच्याकडे पुरुष येऊ लागले, बहुतेक त्या बोटवाल्याच्याच ओळखीचे. काहींना चांगली बातमी मिळते, काहींना नाही. नवखा कुणी असला की तो स्वतः सोबत येतो आणि तपासणी होईपर्यंत बाहेर थांबतो. परवाच एका मित्राला घेऊन आला होता. मित्र दारातूनच परत फिरत होता. याने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाला, "बस रे. मी पण इथेच बसलो होतो."