कॅप्टनच्या घरात हलव्याचे दागिने

श्रूजबरीत काटेरी हलवा करणारा पुरुष एकच आहे आणि तो मी. सगळ्या उत्तर अमेरिकेत एकच असावा. दक्षिण अमेरिकेची चौकशी अजून केलेली नाही. पुण्यामुंबईच्या बायका विकतचा आणतात आणि वर मला विचारतात, "काका, तुमच्या हलव्याला इतका काटा कसा येतो?" मी गंभीर चेहरा करून सांगतो, "स्वभावातून."

खरं श्रेय इथल्या जानेवारीचं. थंडी इतकी कोरडी, की नाकाने श्वास घेतला तरी खाकरा मोडल्याचा आवाज येतो. गराजमध्ये लहान शेगडीवर परात ठेवायची, परातीत खसखस, वर चमचाभर पाक आणि बोटांनी फिरवत बसायचं. मग पुन्हा चमचाभर. असं चार दिवस. पाचव्या दिवशी दाणे काट्याने फुलतात आणि बोटं भज्यासारखी. साखरेतलं मला सगळं कळतं, असं मी साठ वर्षं समजत आलो. वाढलोच साखर कारखान्याच्या कॉलनीत, जिथे मळीच्या वासाने पाहुणे दुसऱ्या दिवशी परत जायचे. आईला तो वास फार सोयीचा वाटे.

यंदाचे दागिने माझ्या भाचीसाठी होते. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत. काळी साडी आणि अंगावर हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या. भाची इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि सगळ्यांची मुलं कोड लिहीत असताना ही बया इतिहासात घुसली. गेली सहा वर्षं वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर संशोधन करते आहे. बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर दिसेनासं व्हावं. त्या बेटावर ऊस होता, साखर होती आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं होती. प्रबंधातली पाचशे पानं या तीन गोष्टींवर. आमच्या मंडळींना ती नक्की काय करते हे आजतागायत कळलेलं नाही. "हिस्टरी म्हणजे जॉबचं काय मग?" असं प्रत्येक पॉटलकच्या जेवणात कोणीतरी विचारतंच.

तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, मराठी मंडळाच्या अध्यक्षा. दरवर्षीचं हळदीकुंकू शाळेच्या कॅफेटेरियात होतं, आणि तिथे पिझ्झाचा वास येतो म्हणून त्यांनी यंदा सव्वा तासावरच्या बंदराच्या गावातलं एक जुनं घर भाड्याने घेतलं. घर कसलं, मिरवण्याची हौस विटांनी बांधून काढलेली. महॉगनीचा जिना, भिंतीत शेकोट्या आणि दारावर पितळी पाटी: इथे राहणारे कॅप्टन वेस्ट इंडीजच्या मालाचे व्यापारी होते, दानशूर होते, चर्चला घंटा दिली होती. 'वेस्ट इंडीजचा माल'! कसाईखान्यावर 'ताजी हवा मिळेल' अशी पाटी लावावी तसं.

आम्ही आधी घर बघायला गेलो, तेव्हा विहीणबाई मात्र हरखल्या. "किती क्लासी आहे हो मामा!" मुलाचं लग्न झाल्यापासून त्या मला मामाच म्हणतात.

भाची सासूला म्हणाली, "आई, हे घर कशावर बांधलंय माहितेय का?"

"खडकावर. गाइडने सांगितलं ना."

भाचीने त्यावर कार्यक्रमात दहा मिनिटं मागितली. याच घराबद्दल आणि तिच्या बेटाबद्दल बोलायचं होतं. सहा वर्षांत घरच्या माणसांपैकी कोणी तिचं काम ऐकलं नव्हतं. एकदा तरी यांच्यासमोर बोलायचंच, असा तिचा हट्ट. विहीणबाई तयार झाल्या, पण अटीवर. "जहाजं सांग, वारा सांग, साखर सांग. पॉझिटिव्ह ठेव. गुलामांचं नको गं. संक्रांत आहे, गोड बोलायचं असतं."

दागिन्यांचं माप द्यायला भाची गराजमध्ये आली तेव्हा मी तिला माझे दोन फोड दाखवले. जरा कौतुक व्हावं म्हणून तिसऱ्याचीही आशा दाखवली.

"मामा, प्लीज यार," ती म्हणाली आणि परातीजवळ बसली. मग सांगू लागली. ऊस पिळल्यावर रस ओळीने मांडलेल्या तांब्याच्या कढयांतून आटवायचा, मोठीतून लहानीत, लहानीतून आणखी लहानीत. हंगामात कढया दिवसरात्र थांबत नसत, आणि ढवळणारी माणसंही. उसाच्या चरकात थकलेल्या माणसाचा हात जाई. चरक थांबेपर्यंत आख्खा माणूस आत जाईल, म्हणून शेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची.

"हात सोडवायला?" मी विचारलं.

"तोडायला, मामा."

मी फोड दाखवलेली बोटं हळूच खिशात घातली. कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला मी! आमच्याकडे चरकाला नारळ फोडायचे. एवढंच मला माहीत.

"हे सांगणार आहेस?" मी विचारलं.

"हेच सांगणार आहे. तुम्ही साउंडवर आहात ना? माइक बंद पडू देऊ नका."

"छे, छे!"

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. "मामा, साउंडवर तुम्ही आहात ना? ती भलतीकडे वळली की मी बोट वर करीन. लगेच गाणं लावा. मोठ्याने."

"हो, हो!"

होकार देण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मंडळाच्या कार्यकारिणीवर मी बारा वर्षं टिकलो ते काही उगाच नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी बर्फ इतकं पडत होतं, की स्पीकर आत ठेवून लॅपटॉप आणायला परत गेलो तर पार्किंगमध्ये मला आमची गाडी समजून दोन ढिगारे साफ करावे लागले, तिसऱ्यात ती निघाली. आत मात्र हीटर लावून पार चैत्र केलेला. टोपी घातलेल्या गाइडबाईंनी सगळ्यांना जिना दाखवला. कॅप्टन कुटुंबवत्सल होते, कॅप्टनना गुलाब आवडत. आमच्या बायकांनी माना डोलावल्या, पुरुषांनी जिन्याच्या लाकडाचा आजचा भाव काय असेल यावर वाद घातला. अशा घरात अशीच माणसं शोभतात. मीही कठड्यावरून हात फिरवला आणि "वा!" म्हणालो, ते लपवत नाही.

मग भाची उभी राहिली. काळी साडी, पांढरेशुभ्र दागिने. सगळ्यांनी फोन वर केले. तिने जहाजांपासून सुरुवात केली. विहीणबाईंनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

"कॅप्टनची जहाजं इथून काय न्यायची?" भाचीने विचारलं. "मासे. खारवलेले. चांगले मासे युरोपला जायचे. जे कुजके, तुटलेले, इथल्या कुत्र्याने हुंगून सोडले असते, ते त्या बेटावर जायचे. तिथे सगळ्या जमिनीत ऊस. धान्य पिकवायला वीतभर जागा ठेवली नव्हती. गुलामांना खायला हा कचरा पाठवायचा आणि त्या बदल्यात मळी आणायची. मळीची इथे रम करायची. रम आफ्रिकेला न्यायची आणि तिच्या बदल्यात आणखी माणसं घ्यायची. या जिन्यासाठी. त्या घंटेसाठी."

विहीणबाईंचं बोट वर गेलं.

माझ्यासमोर लॅपटॉप, लॅपटॉपवर तिळगुळाचं गाणं, गाण्यावर माझा अंगठा. माझ्या आयुष्यातले सगळे होकार त्या अंगठ्यापाशी येऊन उभे राहिले. विहीणबाईंनी दुसरं बोटही वर केलं. मी वाकलो, टेबलाखाली गेलो आणि स्पीकरची पिन भिंतीतून उपटली.

गाणं वाजायचा प्रश्नच मिटला. माइकही गेला, पण त्याला इलाज नव्हता. दोन्ही एकाच स्पीकरवर. मी वर येऊन हात पसरले. "जुनं घर! वायरिंग!"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग माइक खाली ठेवला आणि तशीच बोलू लागली. तिचा आवाज मुळात बारीक. त्यामुळे माणसं पुढे सरकली, खुर्च्या करकरल्या, मागच्या पुरुषांनी जिन्याचा भाव अर्धवट सोडला. कढया सांगून झाल्या, चरक सांगून झाला, आणि कुऱ्हाडीपाशी आल्यावर इतकी शांतता झाली, की गाइडबाईंच्या टोपीची नाडी सुटल्याचं मी ऐकलं. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी बाईंचा चेहरा पडला. गुलाबांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ही शांतता किती टिकावी? मागून कोणीतरी विचारलं, "खिचडी गरम आहे का अजून?" आणि सगळी पलटण बुफेवर तुटून पडली. एक काकू जाता जाता भाचीला म्हणाल्या, "छान बोललीस हं. थोडं सॅड होतं." एका काकांनी मला हलव्याची रेसिपी मागितली. या लोकांसमोर भूकंपाने व्याख्यान दिलं तरी हे पापड कुठे ठेवलेत ते विचारतील.

विहीणबाई माझ्याकडे आल्या. "पिन तुम्हीच काढलीत ना?"

"मी? अहो, या घरात उंदीरसुद्धा दोनशे वर्षांचे असतील."

त्या वळल्या आणि भाचीसमोर जाऊन बसल्या. दागिने उतरवून मुलांना खाऊ म्हणून वाटायची वेळ झाली होती, आणि हीटरच्या उबेने साखर विरघळून बांगड्या मनगटाला चिकटल्या होत्या. विहीणबाईंनी पदर पाण्यात बुडवला आणि एकेक दाणा सोडवू लागल्या. मुलं समोर हात पसरून उभी. त्यांनी कोणालाच काही दिलं नाही.

बराच वेळ मनगट पुसून झाल्यावर त्यांनी वर न बघताच विचारलं, "कोणता हात जायचा गं?"

"जो ऊस आत सारत असेल तो, आई," भाची म्हणाली.

विहीणबाईंनी तिचा उजवा हात सोडला नाही. "मग? पुढे सांग."