सुलभावहिनीचा डबा

दादाचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या उपासनेनंतरच्या खाण्याची यादी करत होते. पोहे माझ्याकडे, चहा थोरातांकडे, कागदी बश्या शिल्लक आहेत का ते सुलभावहिनीला विचारायचं... आणि दादा म्हणाला, "नीता, सुलभा गेली." सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला ती खाली बसली, ती उठलीच नाही. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी यादीवर चालणारी बाई आहे. धक्का बसला की माझा हात आधी पेन शोधतो. मी म्हटलं, "मी निघते. रूथला शाळेतून कोण आणतंय? नगरला फोन मी करते, चर्चच्या ऑफिसला..." तो म्हणाला, "थांब. काही करू नकोस. आधी प्रार्थना करू." दादा, म्हणजे माझा भाऊ शशी, चारचौघांत कधीही मोठ्याने प्रार्थना न करणारा माणूस. पाळीपाळीने प्रार्थना चालू असल्या की त्याची पाळी यायच्या सुमाराला त्याला हमखास खोकला यायचा. त्या सकाळी अमेरिकेतल्या रेडमंडच्या माझ्या स्वयंपाकघरात मी फोन कानाला लावून उभी होते आणि तो अडखळत, मध्येच थांबत, देवाचे आभार मानत होता. बायकोला जाऊन तास झाला नव्हता, आणि तो तिच्यासाठी आभार मानत होता. तो आमेन म्हणाला, मग मी यादी पुढे लिहिली.

सुलभावहिनी नगरची, तिथल्या चर्चच्या पाळकांची मुलगी. आम्हीही ख्रिस्तीच, पण आमच्या पुण्याच्या घरात ख्रिस्त नाताळात आणि लग्नकार्यात भेटायचा. ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर ताटं उचलायच्या आधी म्हणाली, "आपण प्रार्थना किती वाजता करतो?" बाबांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. बाबा म्हणाले, "हीच वेळ." त्या रात्रीपासून तीच वेळ झाली. वाद घालून तिने कुणाला काही करायला लावलं असं मला आठवत नाही. ती एवढ्या गृहीतपणाने विचारायची की नाही म्हणायला आपणच ओशाळायचो.

पुढे कंपनीने तिला इकडे पाठवलं. तिचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं, आणि त्यात ती वस्ताद होती. रेडमंडजवळच्या बॉथेलमध्ये घर घेतलं, रूथ इथेच जन्मली. व्हिसा वहिनीच्या नावावर होता, दादाला तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. तिची नोकरी गेली तर सगळ्यांनी सामान बांधून परत जायचं, इतकं सरळ गणित. मी माझ्या नोकरीने आधीच रेडमंडला आले होते, तेव्हा हे गणित रोज पाहत होते.

मराठी उपासना तिच्या हॉलमध्ये सुरू झाली. नगरचे, मुंबईचे, नागपूरचे, कोल्हापूरचे असे आम्ही सगळे जमायचो, आणि गीत एकच असलं तरी चाली वेगळ्या निघायच्या. मुंबईकर एक ओळ संपवून पुढे जायचे तेव्हा नगरकर अजून आलापातच. थोरातकाका म्हणायचे, "सुलभा, तुमच्या चालीत गीत संपेपर्यंत पोहे गार होतात." ती म्हणायची, "मग गरम करू, काका. गीत कापायचं नाही." लोक वाढले तेव्हा जवळच्या एका चर्चने आम्हाला मागची खोली दिली. सकाळी त्यांची उपासना, दुपारी कोरियन मंडळीची, म्हणून आमच्या वाट्याला रविवारची संध्याकाळ आली. किल्ली वहिनीकडे.

आणि डबा. एका रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ चालू असताना पाठोपाठ तीन फोन वाजले. पुढच्या रविवारी दारातल्या स्टुलावर स्टीलचा मोठा डबा होता, तिच्या आईने नगरहून चिवडा भरून पाठवलेला, कडीच्या झाकणाचा. ती दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "फोन इथे." मी म्हटलं, "वहिनी, मी ऑन कॉल आहे."

"तुझी सिस्टिम दीड तास बंद पडली तर कोणी मरेल?"

"मरणार नाही कोणी, पण..."

"मग टाक."

माझ्या मागे लहान मुलांचे एक डॉक्टर उभे होते. त्यांनी निमूट फोन काढला, तर तिने त्यांचा हात अडवला. "तुमचा राहू द्या खिशात. तो वाजला तर निघा, आम्ही त्या लेकरासाठी प्रार्थना करू." तिचे नियम कडक होते, पण ते आंधळे नव्हते. कुठला फोन थांबू शकतो आणि कुठला नाही, हे तिने आधीच विचार करून ठेवलेलं असे. आमच्यापैकी बहुतेकांचे थांबू शकत होते, आणि तेच ऐकायला आम्हाला आवडत नव्हतं.

रूथ साधारण दहा वर्षांची असताना वहिनीला बढती आली. पुण्यातली टीम तिच्या हाताखाली येणार होती, आणि मुख्य म्हणजे तिचा रखडलेला ग्रीनकार्डचा अर्ज कंपनी त्या पदावरून पुढे नेणार होती. अट एकच. पुण्याची सोमवारची सकाळ म्हणजे आमची रविवारची संध्याकाळ. दर रविवारी त्या वेळी टीमबरोबर कॉल. तिचा मॅनेजर मनोज, नागपूरचा, मनाने चांगला माणूस. तिला म्हणाला, "यार सुलभा, तासाभराचा तर प्रश्न आहे. कारमध्ये बसून घे, कोणाला कळणार पण नाही."

ती म्हणाली, "विचार करून सांगते." तिचा विचार म्हणजे प्रार्थना. माझा विचार म्हणजे तक्ता. मी दोन रकाने आखले. एका बाजूला पगार, ग्रीनकार्ड, दादाची कामाची परवानगी, रूथची शाळा, घराचे हप्ते. दुसऱ्या बाजूला, अडचणींच्या रकान्यात, एकच ओळ: रविवारची उपासना. शनिवारी तिच्या टेबलावर ठेवला. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या याद्या ती कधी हसण्यावारी न्यायची नाही. मग म्हणाली, "छान केलंयस. फक्त उपासना चुकीच्या रकान्यात पडली आहे."

"मग कुठल्या रकान्यात टाकू?"

"रकान्यात नाहीच. ती वर. तिच्याखाली तू रेघा मारायला सुरुवात करायचीस."

सोमवारी तिने मनोजला नाही सांगितलं. पण नुसतं नाही सांगून ती थांबली नाही. पुण्याची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, तर रोज पहाटे उठून कॉल घेईन, हवं तर सोमवारी रात्रीही घेईन, फक्त ही एक वेळ सोडून, असं तिने कळवलं. मनोजने वर विचारलं. वरून उत्तर आलं की सोमवारची सकाळच हवी. पद दुसऱ्याला गेलं. दादा त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये बराच वेळ उगाच काहीतरी आवरत होता. आत येऊन म्हणाला, "ठीक आहे. आपण आहोत तसे आहोत." एवढंच.

पुढच्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. बढती घेतली असती तर वाचली असती का? मला आजही वाटतं, वाचली असती. वहिनीनेही ते माझ्यापाशी कधी नाकारलं नाही. व्हिसाच्या नियमाने आता तिच्या हातात थोडे आठवडे होते. तेवढ्यात नोकरी मिळाली नाही तर परत. एका ठिकाणी जमत आलं होतं. नोकरी लावून देणाऱ्या पुण्यातल्या कन्सल्टन्सीचा माणूस अखेरचं ठरवायला रविवारी फोन करणार होता, तिकडच्या सोमवारी. तिने त्याला आमची रात्रीची वेळ दिली होती, उपासनेनंतरची. त्याने लवकर केला.

तिच्या फोनची रिंग आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. मधल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला डबा वाजायला लागला. स्टीलच्या डब्यात वाजणारा फोन साध्या फोनसारखा वाजत नाही, सगळी खोली थरथरते. पेटी थांबली. रूथ म्हणाली, "मॉम, जस्ट टेक इट. प्लीज." थोरातकाका, जे कधी कुणाची बाजू घेत नाहीत, तेही म्हणाले, "घे पोरी. देव समजून घेईल."

वहिनी उभी होती. गीतांचं पुस्तक तिच्या हातात उघडं होतं. ती म्हणाली, "घेईल, काका. मला माहीत आहे, तो घेईल... म्हणूनच त्याला गृहीत धरायचं नाहीये." आणि तिने तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून उचललं, तिच्या त्या लांबलचक नगरच्या चालीत. डबा वाजून वाजून थांबला. रूथ संपूर्ण उपासनाभर माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती.

उपासना झाली, खाणं झालं, खुर्च्या रचून झाल्या, मग तिने फोन उघडला आणि त्या माणसाला परत लावला. तो यादीतल्या पुढच्या नावाकडे गेला होता.

गाडी मी चालवत होते. पाऊस होता, वायपर चालू होते, मागे रूथ झोपली होती. मी म्हटलं, "वहिनी, हा हट्ट आहे."

"आहे."

"दादाचा विचार करायला हवा होता. हिचा."

"त्यांचाच करते." तिने मागे वळून रूथच्या अंगावर आपला कोट टाकला. "नीता, मोठी वेळ आली की मी देवाला पहिलं ठेवीन, असं सगळेच म्हणतात. मोठी वेळ येते तेव्हा ती मोठी दिसत नाही गं. फोन वाजतो, एवढंच असतं."

तिला नोकरी मिळाली, मुदत संपत आली तेव्हा. बॉथेलमध्येच, वैद्यकीय तपासणीची उपकरणं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत, आधीपेक्षा खालच्या पदावर. हे मी तिच्या विश्वासाचं बक्षीस म्हणून लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. पगार कमी झाला, मोठं घर विकून लहान घेतलं, ग्रीनकार्डचा अर्ज कित्येक वर्षं मागे पडला. दादाला नंतर स्वतःच्या नावावर नोकरी आणि व्हिसा मिळाला म्हणून आज तो आणि रूथ इथे राहू शकतात. वहिनी गेली तेव्हाही रांगेतच होती. हिशेब तिला पुरता माहीत होता, आणि तो चुकता करताना तिने तोंड वाकडं केलं नाही. मनोजची आई नागपूरला वारली आणि त्याला जाता आलं नाही, तेव्हा आठवडाभर त्याच्या घरी जेवणाचा डबा पोचवणारी हीच. मी म्हटलं होतं, "ज्याने तुला..." तर म्हणाली, "त्याची आई गेली आहे, नीता. मधे नोकरी कुठून आली?"

दफनविधीच्या दिवशी रूथने न सांगता चर्चच्या दारात स्टूल ठेवलं आणि त्यावर डबा. मनोज आला, काळ्या कोटात, डोळे लाल. डबा कशाचा हे त्याला त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आत वाकून पाहिलं, खिशातून फोन काढला, बंद केला आणि आत ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सुलभा सांगायची तो हाच ना डबा?" मी मान हलवली.

त्यानंतर प्रश्न होता पुढच्या रविवारचा. चर्चने विचारलं, आता किल्ली कोणाकडे? काहींचं म्हणणं पडलं की महिन्यातून एकदा करू, सगळेच बिझी असतात यार. ते खोटं नव्हतं. माझ्याकडेही आता पुण्याची टीम आहे, आणि रविवारी संध्याकाळी माझाही कॉल असतो. वहिनी असताना मी पहिला अर्धा तास बसून पोहे ठेवून निघायचे, आणि ती कधी काही बोलली नाही. मी नेहमीप्रमाणे यादी करायला घेतली. वर एक ओळ लिहिली. मग तिच्याखाली रेघ मारली, आणि बाकीचा आठवडा त्या रेघेखाली बसवायला लागले. बरंच काही बसलं नाही. माझ्या मॅनेजरला लिहून कळवलं की रविवारच्या कॉलला मी नसेन, पहाटेची कुठलीही वेळ चालेल. तिचं उत्तर काय येईल, माहीत नाही. किल्ली मी घेतली.

गेल्या रविवारी लवकर जाऊन खोली उघडली, हीटर लावला, खुर्च्या मांडल्या. रूथने पेटी काढली. स्टूल दारात, डबा स्टुलावर. झाकण उघडलं तर आतून अजूनही किंचित चिवड्याच्या फोडणीचा वास येतो, इतक्या वर्षांनी. सगळ्यांत आधी माझा फोन आत ठेवला. लोक आले, एकेकाने टाकले, मी कडी लावली. दुसऱ्या कडव्याला डबा थरथरला. माझाच होता, पुण्याची सोमवारची सकाळ. रूथने पेटीवरून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं आणि गात राहिले... आणि तेव्हा लक्षात आलं की आज नगरकर कमी आहेत, पुढच्या रांगेत सगळे मुंबईचे, आणि तरीही कुणी ओळ कापत नाहीये. थोरातकाकांसकट सगळी खोली तिच्याच चालीत, सावकाश, ओळ पुरी करत गात होती. पोहे गार झाले. आम्ही ते गरम केले.