आठ नंबरचं पाणी

कराडला इंजिनिअरिंग केल्यामुळं मला सगळं येतं, असा गावाचा गैरसमज होता. तो मीच पसरवलेला. म्हणून उपसा पाणी संस्थेनं वरच्या आणि खालच्या पाइपलाइनच्या पाळ्या एकत्र करून प्रत्येकाला मोबाइलवर वेळ कळवायचं काम मला दिलं. पीएचपी या संगणकाच्या भाषेत मी ते जेवणाआधी उरकलं आणि ऐटीत दोनदा जेवलो.

आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की सभासद नंबरामागं अ, ब लागतो. वडील आणि चुलते एकत्र, म्हणून आमचा नुसता आठ. मी सगळे नंबर अक्षरांसारखे अवतरणचिन्हांत लिहिले होते. पण ही भाषा अवतरणातल्या नुसत्या आठाचाही गुपचूप आकडा करते. आठ-अ ला हात लावत नाही. पुढं दोन ॲरे, म्हणजे याद्या, जोडल्या की आकड्यांना शून्यापासून नवे नंबर देते. म्हणजे वाटण्या झालेल्यांच्या पाळ्या बरोबर आणि एकत्र घरांच्या सगळ्या भलतीकडं.

हे मला उशिरा दिसलं. चुलते मोबाइल बघून खोरं घेऊन पाइपलाइनच्या व्हॉलवर गेले होते, आणि ती पाळी होती शेजारच्या पैलवानाची. तो मोबाइल बघत नाही. चुलते फौजेतले, मागं सरत नाहीत.

वडिलांना मागं बसवून मी गाडी हाणली. स्टँड वर करायचा राहिलाय हे पहिल्या वळणावर कळलं.

दोघं समोरासमोर उभे होते, खोरी खांद्यावर. मी मधे लॅपटॉप उघडून आकडा आणि अक्षर समजावू लागलो. पैलवान म्हणाला, “गड्या, ते मिट आदी. पानी उडंल त्येच्यावर.”

चुलत्यांनी खोरं खाली टेकवलं. माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हंजी आमी येकत्र ऱ्हायलो, ह्योच घोटाळा व्हय रं? मग लाव की आमालाबी अ आन् ब.”

पैलवान हसला. वडील हसले नाहीत. मी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक नंबराला सभासदाचा ‘स’ जोडला, म्हणजे नुसता आकडा कुठंच उरला नाही. सगळ्यांना नव्या वेळा गेल्या. ताटं वाढली होती, चुलते पाटावर बसले होते, वडील दारातच थांबलेले.

“अक्षर पुढं लावलंस का मागं?” त्यांनी हळूच विचारलं.

“पुढं. स-आठ. मागं काही नाही.”

मग ते चुलत्यांशेजारी जेवायला बसले.