बाळारामदादांचे बूट

बाळारामदादा लग्नाला जावोत, विहारात जावोत, नाहीतर कोणाच्या घरी बसायला. दारात बूट काढायचे, कापडी पिशवीत घालायचे आणि ती पिशवी मांडीवर घेऊन आत बसायचे. लोक नाक मुरडायचे. जेवणाच्या पंगतीतसुद्धा पिशवी शेजारी असायची. कोणी टोकलंच तर शांतपणे म्हणायचे, "बाहेर ठेवलेली वस्तू आपली ऱ्हात न्हाय." तेव्हा मलाही त्या पिशवीची किळस यायची. आता किळस येते ती दुसऱ्याच गोष्टींची, आणि त्यात मी स्वतः आहे.

धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मिस्त्री. मी तिथल्याच ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करायचो. दादा राहनाळचे, अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. शेडमध्ये साठ लूम एकदम खडखडत असले तरी त्यातला कुठला आजारी आहे हे ते दारातूनच सांगायचे. शिकाऊ पोरं घाईनं हत्यार उचलायची, तेव्हा त्यांचा हात धरून म्हणायचे, "आधी आईक, मंग पाना लाव." कारखाना त्यांच्या कानावर चालला होता. हे शेठला पक्कं माहीत होतं, पण कबूल करायला जीभ कधी वळली नाही.

सत्त्याऐंशी साली शेठ इंग्लंडला बंद पडलेल्या एका मिलचे जुने माग बघायला गेला आणि पारख करायला दादांना घेऊन गेला. दादांनी जाण्यासाठी नाक्यावरून काळे बूट घेतले आणि मोच्याकडून टाचांना लोखंडी नाल ठोकून घेतली. एक रविवार मोकळा मिळाला. शेठला यॉर्क नावाचं जुनं शहर बघायचं होतं. सकाळच्या गाडीनं दोघं तिथं उतरले आणि पायीच निघाले. आधी तिथलं प्रचंड दगडी चर्च. दादांनी दारातच बूट काढले, भिंतीला नीट लावून ठेवले आणि मोज्यांवर आत गेले. "मानसं डोले मिटून बसली व्हती," ते मला म्हणाले. "तिथं पायतान कसं न्यायचं?"

शेठनं हे पाहिलं होतं. स्वतः बूट घालूनच आत गेला, पण दादांना एका शब्दानं सांगितलं नाही. पुढे काय होतं ते त्याला बघायचं होतं! बाहेर आले तर बूट गायब. रविवार, दुकानं बंद, आणि परतीची गाडी संध्याकाळची. गाडीपर्यंत कुठेतरी बसून राहता आलं असतं. पण शेठला शहराची तटबंदी बघायची होती, जुन्या गल्ल्या बघायच्या होत्या, नदी बघायची होती. मार्चची थंडी, वरून बारीक गारा, आणि दादा ओल्या मोज्यांनी त्याची बॅग घेऊन मागून चाललेले.

चर्चमध्ये काम करणारी एक म्हातारी बाई त्यांच्या मागे धावत आली. दादांच्या पायांकडे बोट दाखवून शेठशी बोलू लागली. तिचं घर जवळच होतं, नवऱ्याचे बूट आणून देते म्हणत होती. शेठनं तिला आपलं कार्ड दिलं आणि सांगितलं की काही गरज नाही, या लोकांना सवय असते.

हे मला कसं कळलं? शेठनंच सांगितलं. एकदा नव्हे, पन्नासदा! व्यापारी आले की चहा मागवायचा, दादांना तेलकट हातांनी शेडमधून बोलवायचं, उभं करायचं आणि यॉर्कची गोष्ट सुरू. शेवट ठरलेला. "मैंने मॅडम को बोल दिया, इन लोगों को तो आदत होती है!" पाहुणे मांड्या थोपटत हसायचे. दादा जमिनीकडे बघत उभे. आणि मी, टाइपरायटरमागे बसलेला पगारी माणूस, मीही दात काढायचो.

एकदा दुपारी दादा माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, त्या बाईला एक चिठ्ठी लिहून द्याल का? मी विचारलं, काय लिहायचं?

"येवढंच, का शेठ बोलला ते खरं न्हाय. आमी बूट घालतो. माझा बाप पन घालायचा."

मी म्हटलं, पत्ता नाही ना दादा. ते तेव्हा खरं होतं.

दोन महिन्यांनी इंग्लंडहून पार्सल आलं. उघडलं मीच. आत दादांचे बूट, पॉलिश केलेले, आणि बाईचं पत्र. सफाईवाल्यानं उचलून ठेवले होते, उशिरा सापडले, माफ करा, तुमच्या मित्राचे पाय कसे आहेत? खाली पूर्ण पत्ता. मी ते शेठपुढे ठेवलं. शेठ वाचून हसला. म्हणाला, बूट परत आले तर गोष्टीची मजा काय राहिली? मग माझ्या पायांकडे बघितलं. "तुला बसतील बघ."

बसले. पत्र त्याच्यासमोर फाडलं, त्यानं सांगितलं म्हणून. नोकरीची भीती होती वगैरे सगळं खरं आहे, पण फाडताना मी जराही थांबलो नाही, हेही खरं आहे.

कारखान्यात ते बूट मी कधी घातले नाहीत, तेवढी अक्कल होती. बाहेरगावच्या लग्नाकार्यात मात्र मिरवले, चांगली चारपाच वर्षं. मग काल्हेरला एका लग्नात जेवून मांडवाबाहेर आलो, तर चपलांच्या ढिगाशी दादा उभे. ते तिथं येणार हे मला माहीत नव्हतं. टाचांच्या नालेवरून त्यांनी ते बूट आधीच ओळखले होते आणि कोणाचा पाय त्यांत जातो ते बघत थांबले होते. मला ते दिसले तोवर माझा पाय आत गेला होता.

मग काय, सगळं सांगितलं. पार्सल, शेठ, सगळं. शिव्या खायची तयारी केली होती. दादांनी बुटांकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

"चिठ्ठी व्हती का संगं?"

"होती."

"पत्ता?"

"फाडलं मी ते, दादा."

आत वऱ्हाडी जेवायला बसत होते.

"ती म्हातारी व्हती हो," दादा म्हणाले. "आता तिला कोन सांगनार?"

आणि पिशवी काखेत मारून आत गेले. मी बूट घालून रिक्षात बसलो.