सहावी चौकट

"पायरीवरच थांब. तुजं काम झालं न्हवं? मंग आता आत काय ठिवलंय तुजं?"

अण्णा हे बोलले तेव्हा माझ्या हातात मोबाईल होता, कॅमेरा उघडलेला. एक पाय देवळाच्या पहिल्या पायरीवर, दुसरा खाली फरशीवर. सकाळचे अकरा वाजले होते. मागे पारावर सात-आठ माणसं बसलेली, सगळी कान टवकारून. अण्णा म्हणजे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. ओट्यावर मांडी घालून बसले होते. मांडी मोडायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

मी म्हटलं, एकच फोटो हवाय. माझ्या चित्राचा.

अण्णा म्हणाले, आत फोटोला बंदी आहे, बोर्ड लावलाय. मी म्हटलं, लांबून काढते. ते म्हणाले, बाईमाणसानं गाभाऱ्यात जायचं नसतं. तेवढ्यात त्यांची सून आरतीचं ताट घेऊन गाभाऱ्यातूनच बाहेर आली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मग खरं ते बोलले.

"तुला ठावं हाय समदं. आमच्या तोंडून कशाला वदवून घेती?"

पारावर कुणीतरी हसलं. मी पाय खाली घेतला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शूर समजायला नको. मी पाय खाली घेतला आणि "बरं अण्णा" म्हटलं. त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

आमचं गाव तिसगावपासून जवळ. आमची मातंग वस्ती ओढ्यापलीकडे. गावाच्या तोंडी वस्तीचं नाव वेगळं आहे, ते मी लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माझे वडील, आबा, बँडमध्ये ताशा वाजवायचे. आई कांद्याच्या टोळीत. लागवड, खुरपणी, काढणी, बहुतेक अण्णांच्याच रानात. मी नगरला चित्रकलेची पदविका केली आणि सावेडीत एका फ्लेक्सच्या दुकानात लागले. वाढदिवसाचे बॅनर. गल्लोगल्लीच्या भावी पुढाऱ्यांचे गाल मी गोरे केलेत. त्यांच्या मिशांना धार काढलीय.

गावानं देवळाचा जीर्णोद्धार काढला तेव्हा अण्णांनी मलाच बोलावलं. शहरातला पेंटर परवडत नव्हता म्हणून की माझा हात चांगला म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मजुरी चोख दिली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमची देवी म्हणजे शेंदराचा तांदळा, नाक-डोळे नसलेली गोल शिळा. बांधकाम होईपर्यंत तिला बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं. तिच्या जागेमागच्या भिंतीवर देवीचं मोठं चित्र हवं होतं, वाघावर बसलेलं. अकरा फूट. माणूस हात जोडतो तेव्हा शिळेकडे बघत नाही, चेहऱ्याकडे बघतो. तो चेहरा मी काढायचा होता.

मी आबांना विचारलं होतं, मला आत चालेल का. आबा म्हणाले, देवी शेडात हाय तवर ती नुसती भिंत हाय. भिंतीला चालतं.

दोन महिने मी परांचीवर होते. दुकानातून रजा काढली होती. गवंड्यांना चहा स्टीलच्या पेल्यात यायचा, मला कागदी कपात. स्वच्छतेसाठी, असं सांगितलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. मी तेव्हा बरंच काही मान्य करत होते. काम चांगलं चाललंय ना, मग कपाचं काय घेऊन बसायचं, असं मीच स्वतःला समजावायची.

देवीच्या चेहऱ्यासाठी मी कॅलेंडरं चाळली. सगळ्यांचे डोळे एकसारखे, मोठे, गोड, रिकामे. मला ते नको होते. मग एका रविवारी मी आईला घराच्या ओट्यावर बसवलं आणि पेन्सिलनं तिचे डोळे काढले. लहानपणी चुलीतला निखारा उडून तिची डावी पापणी भाजली होती. त्यामुळे तो डोळा किंचित मिटलेला असतो. ती बघते तेव्हा वाटतं, हिला आपलं सगळं कळलंय. मी तो कागद खिशात ठेवून परांचीवर चढायची. कुणाला सांगितलं नाही. खोडी म्हणून नव्हे, मला खरंच दुसरे कुठले डोळे देवीला शोभतील असं वाटलं नाही.

रिवाज असा की चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी भरायचे, प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी सकाळी. पडदा लावला होता. बाहेर सनई, आत मी आणि गुरुजी. मी उंच स्टुलावर उभी राहून आधी उजवा डोळा भरला, मग डावा. हात थरथरला नाही. मागे सरकून बघायला मिळेल म्हणून वळले, तर गुरुजी म्हणाले, "झालं ना? उतर, मागच्या दारानं जा." ब्रश हातातच होता. दारात पोहोचून मागे पाहिलं तर पडदा सारून आलेला एक माणूस मी उभी होते त्या स्टुलावर गोमूत्र शिंपडत होता. स्टुलावर, मग फरशीवर, माझ्या पावलांच्या मागोमाग दारापर्यंत. त्याची आणि माझी नजरानजर झाली. त्यानं काहीच वावगं करत असल्यासारखं दाखवलं नाही.

हा विधी सगळ्यांसाठीच असेल, असं मी त्या दिवशी मनाला सांगितलं. माझं पूर्ण झालेलं चित्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. अर्धवट कामाचा फोटो काढायचा नाही ही आमच्या चित्रकलेच्या सरांची शिकवण, म्हणून मोबाईलमध्येही काही नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरानं पुण्याच्या एका बाईंनी माझं नाव कुणाकडून तरी ऐकलं. त्या मोठमोठ्या हॉलची सजावट करायच्या, भिंतीवर चित्र काढणारी माणसं शोधत होत्या. म्हणाल्या, तुमच्या वेबसाईटची लिंक पाठवा. मी पाठवते म्हटलं. वेबसाईट नव्हती.

दुकानमालक शेखचाचा भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत दुकानाचा कॉम्प्युटर वापर म्हणाले. डब्यातली भाकरी डाव्या हातात आणि माऊस उजव्या हातात, असं चाललं होतं. फुकटातली तयार वेबसाईट असते, आपण तिच्यात आपलं भरायचं. वर नाव. माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच इतक्या मोठ्या अक्षरात टाईप केलं. एरवी ती साईज आमच्याकडे भावी आमदारांसाठी असते. खाली कामांसाठी सहा चौकटी. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत, एका दवाखान्याची भिंत, तीन कोळशाची चित्रं. पाच भरल्या. सहाव्या चौकटीत देवी येणार होती. तिच्या जिवावरच तर लिंक पाठवायची होती. 'माझ्याविषयी' या रकान्यात मी लिहिलं होतं, "गावकऱ्यांच्या आशीर्वादाने मला देवीची सेवा करण्याचं भाग्य लाभलं."

त्या सहाव्या चौकटीसाठी मी गावी गेले आणि पायरीवरून परत आले.

निघताना अण्णा मागून म्हणाले होते, फोटो गावाच्या ग्रुपवर आहे, त्यातून घे. एसटीत बसून मी तो उघडला. फेटे बांधलेली कमिटीची अकरा माणसं ओळीनं उभी. त्यांच्या डोक्यांवर देवीचा फक्त मुकुट आणि एक हात. चेहरा अण्णांच्या फेट्यामागे. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात सही केली होती, तिथे आता काळ्या ग्रॅनाईटची पाटी. तिच्यावर अण्णांच्या वडिलांचं नाव. खाली मजकूर होता, उद्घाटनात अण्णा काय बोलले त्याचा. देवी एक डोळा बारीक करून बघते, खरं-खोटं सगळं तिला कळतं, असं अण्णा म्हणाले होते.

मी तो मजकूर तीन वेळा वाचला. मग मला रडू नाही आलं, राग आला. इतका की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का.

त्यांना माझा हात चालला होता. माझ्या आईचे डोळे चालले होते. फक्त आम्ही चालत नव्हतो.

पुण्याच्या बाईंना मी फोन करून सांगितलं की देवीचा फोटो मिळत नाहीये. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग ते काम तुमचंच आहे असं मी कशावरून धरू?" आवाज गोड होता. अशा गोड आवाजाला मी अण्णांपेक्षा जास्त घाबरते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी 'माझ्याविषयी' मधलं भाग्य खोडलं. आशीर्वाद खोडला. आणि सहाव्या चौकटीत पेन्सिलनं काढलेला तो कागद टाकला. घामानं कडा पिवळ्या पडलेल्या, घड्या तशाच. खाली लिहिलं: "आमच्या गावच्या देवळातल्या देवीचे डोळे. हे माझ्या आईचे डोळे आहेत. मूळ चित्र दाखवू शकत नाही, कारण ते पूर्ण झाल्यापासून मला देवळात घेत नाहीत, आईला तर कधीच घेतलं नाही. ज्यांना आत घेतात त्यांनी जाऊन ताडून पाहावं." आईचं पूर्ण नाव लिहिलं. बटण दाबलं. उरलेली भाकरी खाल्ली.

लिंक मी गावाच्या ग्रुपवर टाकली. मीच टाकली, कुणी चोरून पसरवली नाही.

दोन दिवस ग्रुपवर शुकशुकाट. पण लोक ताडून बघत होते. डावी पापणी एकदा दिसली की दिसली. कांद्याच्या वाफ्यात वाकलेली बाई आणि वाघावर बसलेली देवी एकाच डोळ्यानं बघतात, हे गावाला कळून चुकलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. आधी दमात घेतलं, मग आवाज खाली आणला. म्हणाले, म्हातारी माणसं हात जोडायला तयार नाहीत, देवी बाटली म्हणतात.

"त्ये काडून टाक. आन् एक दिस येऊन डोळं बदलून दे. त्येवडं कर. गुरुजी तुला आत घेत्याल, मी सांगतो. मंग पायजे तेवडे फोटू काड."

म्हणजे पुसायला आत घेणार होते. बघायला नाही.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मन डगमगलं. आत जाता येणार होतं. चित्र पाहता येणार होतं. सहावी चौकट भरणार होती, पुण्याचं काम मिळणार होतं. फक्त आईला पुसायचं होतं.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं. "बाटली आसंल तर बाटलेली ऱ्हाऊ द्या."

फोन मी ठेवला.

त्याची किंमत मी चुकवली नाही, आईनं चुकवली. काढणी ऐन भरात असताना तिला टोळीतून काढलं. कुणीच बोलावेना. बँडची सुपारी आली तर तीही आबांना वगळून. मी गावी गेले, आईपुढे बसले आणि म्हटलं, तू सांग, काढून टाकू का. आई लसूण सोलत होती.

"माजंच डोळं हायेत न्हवं ते?" ती म्हणाली. "मंग ऱ्हाऊ दी तितं. मला आत कुनी घेतलं न्हाई. डोळं तरी बसलं."

पुण्याच्या बाईंचा निरोप आला: कागदावरचं काम सुंदर आहे, पण आमच्या ग्राहकांना वादातली माणसं नको असतात.

गावानं शेवटी तोडगा काढला. नगरहून आणलेला पेंटर पूजेतल्या चित्राला ब्रश लावायला तयार होईना, म्हणून चांदीचे डोळे करून आणले आणि मेण लावून चिकटवले. मोठे, गोड, रिकामे. उन्हाळ्यात मेण मऊ होतं. आबा सांगत होते, डावा डोळा दोनदा गळून पडला. प्रत्येक वेळी गाभाऱ्यात असलेली माणसं आधी खाली बघतात आणि मग, नको नको म्हणत, वर बघतात.

वेबसाईट आहे तशी आहे. सहाव्या चौकटीत तो घड्या पडलेला कागद आहे.

परवा कर्जतकडच्या एका गावातून फोन आला. देऊळ बांधतायत, भिंती रंगवायच्या आहेत, माझं काम त्यांनी मोबाईलवर पाहिलंय म्हणाले. मी भाव सांगितला नाही. आधी विचारलं, रंग वाळल्यावर मी आईला घेऊन चित्र बघायला आत येणार, चालेल का. ते म्हणाले, कमिटीला विचारून कळवतो.

कळवलं नाही. मी पुन्हा बॅनरवरच्या एका पुढाऱ्याचे गाल गोरे करायला घेतले. पण 'माझ्याविषयी'चा रकाना आता रिकामा नाही. तिथे एकच ओळ आहे, आणि ती मी कुणाच्याही सांगण्यावरून बदलणार नाही: रंग वाळल्यावर ज्या भिंतीसमोर मला उभं राहू देणार नाहीत, त्या भिंतीला मी हात लावणार नाही.